पाठ टाचणाची वही

पडद्यावर दिसणारी ही वही पाठ टाचणाची, म्हणजे वर्गात घ्यायच्या पाठाच्या आखणीची आहे. इयत्ता दुसरी, विषय गणित, घटक हातच्याची बेरीज. आणि समासात मार्गदर्शक शिक्षकांनी लाल शाईने लिहिलेला प्रश्न : ‘हातचा म्हणजे काय, हे मुलांना कोणत्या वस्तूंतून दाखवणार?’ बारावीनंतर डी.एल.एड.ला, म्हणजे ज्याला गावोगावी अजूनही डी.एड. म्हणतात त्या शिक्षक होण्याच्या दोन वर्षांच्या पदविकेला प्रवेश घेणारे छात्राध्यापक अशा कितीतरी वह्या भरतात. आधी सहाध्यायांसमोर सूक्ष्म अध्यापन, म्हणजे छोटा पाठ घेऊन पाहणे, मग जवळच्या शाळेत सराव पाठ आणि त्यानंतर आंतरवासिता, म्हणजे शाळेत राहून प्रत्यक्ष काम. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून आणले, तरी वर्गातल्या एखाद्या मुलाला हातचा कळलेला नसतो, आणि त्याच्यासाठी तोच पाठ दुसऱ्या दिवशी वेगळ्या रीतीने घ्यावा लागतो. शिक्षक घडायला सुरुवात होते ती इथे, असे आम्हाला मनापासून वाटते.

पदविका हाती आली तरी नोकरीचे दार उघडत नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजेच टीईटी, अनिवार्य केली. महाराष्ट्रात पहिली टीईटी १५ डिसेंबर २०१३ रोजी झाली. पहिली ते पाचवीसाठी पहिला पेपर, सहावी ते आठवीसाठी दुसरा. प्रत्येकी १५० प्रश्न, वेळ अडीच तास, उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के गुण आणि मागास प्रवर्गांना ५५ टक्के. पहिल्या पेपरात बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांना प्रत्येकी ३० गुण असतात. अशी चाळणी असावी, याबद्दल आमचे दुमत नाही; मात्र या परीक्षेत प्रत्येक प्रश्नाखाली चार पर्याय छापलेले असतात, आणि वहीतल्या त्या लाल शाईच्या प्रश्नाखाली एकही पर्याय नव्हता.

या चाळणीवरचा विश्वास एकदा फार वाईट रीतीने डळमळला. २०१९-२० च्या परीक्षेत पैसे देऊन गुण वाढवून घेतल्याचे पोलीस तपासात उघड झाले आणि २०२२ मध्ये ७,८८० उमेदवारांवर कारवाई झाली. रात्र रात्र जागून प्रामाणिकपणे उत्तीर्ण झालेल्यांनाही त्यानंतर आपले प्रमाणपत्र खरे असल्याचे पडताळणीत सिद्ध करावे लागले.

टीईटीनंतर येते ती शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. तिला उमेदवार ‘टेट’ म्हणतात, आणि नावांच्या या सारखेपणामुळे घरच्यांना मुलगी तीच परीक्षा पुन्हा पुन्हा देते आहे असे वाटत राहते. ही चाचणी दोन तासांत २०० प्रश्नांची असते आणि शिक्षक भरतीच्या सरकारी संकेतस्थळावरील, म्हणजे पवित्र पोर्टलवरील निवड तिच्या गुणांच्या आधारे होते. पहिली टेट डिसेंबर २०१७ मध्ये झाली आणि दुसरी थेट २०२३ च्या फेब्रुवारीत. टीईटीचे प्रमाणपत्र तेव्हा सात वर्षेच ग्राह्य असे. २०१३ ची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांची ती मुदत सरत आली, तोवर भरतीची चाचणी एकदाच झाली होती. २०२१ मध्ये प्रमाणपत्र आजीवन ग्राह्य ठरले, हा निर्णय म्हणूनच मोठ्या दिलाशाचा होता. यातून निवड झाली, की पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काम करावे लागते. प्राथमिक शाळेतील शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ पर्यंत दरमहा ६,००० रुपये होते. आता ते १६,००० आहे.

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालाने सेवेतील शिक्षकांनाही टीईटीपुढे आणले. शिक्षण हक्क कायदा लागू होण्यापूर्वी नेमलेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे, असे न्यायालयाने सांगितले. ज्यांची सेवा त्याहून कमी उरली आहे त्यांना नोकरीत राहता येईल, पण टीईटीविना पदोन्नती मिळणार नाही. वीस वर्षे पहिलीचा वर्ग सांभाळलेल्या बाई संध्याकाळी घरातले आवरून सराव प्रश्नपत्रिका घेऊन बसू लागल्या. २३ नोव्हेंबर २०२५ च्या टीईटीला अशा शिक्षकांच्या शेजारच्या बाकांवर नुकतीच पदविका घेतलेली मुले-मुली बसली होती, आणि त्यांच्यातल्या अनेकांच्या टाचण वह्यांच्या समासात अशाच शिक्षकांची लाल शाई आहे.