सोफी जर्मेननं नेमकं केलं काय?

नमस्कार मंडळी. आयोजकांनी विषय दिलाय गणितातल्या आद्य स्त्रिया. आता यावर बोलायचं म्हटलं की हायपेशियापासून सुरू करायचं, मग सोफिया कोवालेवस्काया, एमी नोदर, २०१४ ला फील्ड्स मेडल मिळवणारी मरियम मिर्झाखानी, प्रत्येकीला पाच पाच मिनिटं, किती त्रास सोसला ते सांगायचं, टाळ्या, चहा. मी हे करणार नाहीये. कारण अशा भाषणांत बाईचे हाल सगळे समजतात आणि तिचं गणित मात्र कुणालाच कळत नाही. आपल्याकडचंच बघा ना, मंगला नारळीकर म्हटलं की लोकांना २०१९ चा तो बालभारतीचा 'वीस एक, वीस दोन' वाला गदारोळ आठवतो, पण त्यांची पीएचडी नंबर थिअरीतली होती हे किती जणांना माहितीये? म्हणून आज एकच बाई घेऊ, सोफी जर्मेन, आणि तिचं एकच काम नीट समजून घेऊ.

गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तुम्ही ऐकली असेल. जन्म १७७६, पॅरिस. तेरा वर्षांची असताना बाहेर क्रांती पेटलेली, ही घरात बसून वडिलांच्या पुस्तकांत आर्किमिडीजच्या, सैनिकाच्या हातून झालेल्या मृत्यूची हकीकत वाचते आणि गणिताच्या नादी लागते. आईवडील रात्री मेणबत्त्या काढून घेतात, ही लपवून ठेवते. १७९४ ला पॅरिसमध्ये पुढे एकोल पॉलिटेक्निक म्हणून गाजलेलं कॉलेज निघालं, तिथे मुलींना प्रवेश नाही, पण लेक्चरच्या नोट्स बाहेर मिळायच्या, त्या मिळवून ही 'मस्य ल ब्लां' या पुरुषी नावानं आपलं लिखाण तिथल्या लाग्रांज या गणितज्ञाकडे पाठवायला लागली. त्याला पुढे कळलं, तो चिडला नाही, उलट पाठीशी उभा राहिला. १८०४ पासून त्याच नावानं गाऊस या जर्मन गणितज्ञाला पत्रं. मग १८०६ ला नेपोलियनची फौज गाऊसच्या गावात, ब्राउनश्वाइगमध्ये घुसली, तर हिला आर्किमिडीज आठवला, ओळखीच्या जनरलला सांगून तिनं गाऊसची विचारपूस करायला लावली, आणि त्यातून बिंग फुटलं. १८०७ ला गाऊसनं लिहिलेलं पत्र खरंच सुंदर आहे, तोंडभरून कौतुक केलंय. पण पुढच्या एकदोन वर्षांत तो खगोलशास्त्रात गुंतला आणि उत्तरं देणं बंद. हा भाग सहसा कुणी सांगत नाही.

आता गणित. घाबरू नका, भागाकार येत असेल तर पुरे.

फर्माचं शेवटचं प्रमेय माहितीये ना, ३ चा वर्ग अधिक ४ चा वर्ग बरोबर ५ चा वर्ग, असं वर्गांचं चालतं, पण घन घ्या, चौथा घात घ्या, कुठलाही मोठा घात घ्या, पूर्ण संख्यांत असं जुळतच नाही. फर्मानं ४ साठी सिद्ध केलं होतं, ऑयलरनं ३ साठी. म्हणजे एक एक घात घेऊन झगडायचं, आणि घात तर अनंत! सोफीनं विचार केला की एकेकाच्या मागे लागण्यापेक्षा खूप घातांना एकदम लागू पडेल अशी युक्ती शोधू. माझ्या मते तिची खरी मोठी झेप ही आहे, नाव बदलून पत्रं लिहिणं नव्हे.

युक्ती अशी. घात घ्या ५. त्याची दुप्पट अधिक एक, म्हणजे ११, तीही मूळ संख्या. आता कुठल्याही संख्येचा पाचवा घात करा आणि ११ नं भागा. २ चा पाचवा घात ३२, बाकी १०. ३ चा २४३, बाकी १. कितीही करत बसा, बाकी ०, १ किंवा १० याच्यापलीकडे काही येतच नाही! अकरापैकी फक्त तीन बाक्या. आता एक्सचा पाचवा घात अधिक वायचा पाचवा घात बरोबर झेडचा पाचवा घात असं समजा जुळलं, आणि तिघांपैकी कुणालाच ११ नं भाग जात नाही असं धरलं, तर डावीकडे १ आणि १० यांच्याच बेरजा होणार, त्यांच्या बाक्या येतात २, ० किंवा ९. उजवीकडे हवी १ किंवा १०. जुळेल कसं? म्हणजे तिघांपैकी एकाला तरी ११ नं भाग जायलाच पाहिजे. इथून थोडी बीजगणिताची खटपट केली की निघतं की एकाला ५ नं पण भाग जायलाच हवा. आणि हे फक्त ५ पुरतं नाही बरं का, ज्या ज्या विषम मूळ संख्येची दुप्पट अधिक एक हीसुद्धा मूळ संख्या आहे त्या सगळ्यांना हे लागू, ३, ५, ११, २३, २९, ४१... यांनाच आज सोफी जर्मेन प्राइम म्हणतात (२ सुद्धा त्यात धरतात), आणि त्या अनंत आहेत की नाहीत हे आजही कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. इंटरनेटवरच्या कुलूपकिल्लीच्या हिशोबात, म्हणजे क्रिप्टोग्राफीत, या जोड्या वापरतात.

दुप्पट अधिक एक जमत नसेल तर चौपट अधिक एक, आठपट अधिक एक बघायचं. असं करत करत १०० च्या आतल्या सगळ्या विषम मूळ घातांसाठी, तिघांपैकी कुणालाच त्या घातांकानं भाग जात नसेल तर समीकरण जुळूच शकत नाही, एवढा प्रमेयाचा अर्धा भाग उरकला. छापून कुठे आलं? १८२० च्या दशकात लजांद्र या फ्रेंच गणितज्ञाच्या निबंधात, तळटीपेत! तिचं नाव दिलं हे खरं, पण त्या तळटीपेमुळे पुढची दीडशे वर्षं सगळ्यांना वाटत राहिलं की बाईंनी एवढंच केलं. गेल्या काही दशकांत तिची हस्तलिखितं नीट वाचली गेली तेव्हा कळलं की तिचा प्लॅन याहून खूप मोठा होता. १८१९ ला गाऊसला लांबलचक पत्र लिहून तिनं तो मांडला होता, की ११ सारखे मदतनीस एकाच घातासाठी अनंत सापडले तर तिघांपैकी एकाला अनंत मूळ संख्यांनी भाग जाईल, ते अशक्य, आणि फर्मा खलास. तो प्लॅन चालत नाही. आणि हे दाखवलं कुणी, तर तिनंच, घनासाठी असे मदतनीस ७ आणि १३ दोनच आहेत हे तिनं स्वतः सिद्ध केलं.

तिचं दुसरं काम, थरथरणाऱ्या पत्र्यांवर वाळूची नक्षी का उमटते त्याचं गणित, त्यावर १८१६ ला फ्रेंच अकादमीचं बक्षीस मिळालं, दोनदा डावललं गेल्यावर. त्यात तिच्या मांडणीत चुका होत्या हेही सांगायला हवं, कॅल्क्युलसचं रीतसर शिक्षण मिळालेलंच नव्हतं. १८३१ ला ती गेली, मृत्यूच्या दाखल्यावर व्यवसाय लिहिला 'मालमत्तेवर जगणारी'. आयफेल टॉवर बांधला तेव्हा त्यावर ७२ शास्त्रज्ञांची नावं कोरली, त्यात हिचं नव्हतं.

पण गणितवाले तिला विसरले नाहीत. १९८५ ला ॲडलमन, फूव्री आणि हीथ-ब्राऊन या तिघांनी तिचाच निकष ताणून, फर्माचा तो अर्धा भाग अनंत मूळ घातांसाठी खरा आहे हे दाखवलं, अँड्र्यू वाइल्सनं फर्माचं पूर्ण प्रमेय सिद्ध केलं त्याच्या जवळजवळ दशकभर आधी.

आता चहाच्या आधी एक काम देतो, कागद असेल तर काढा. घात ७ घ्या. दुप्पट अधिक एक १५, ती मूळ नाही, म्हणून चौपट अधिक एक, २९. सातव्या घातांना २९ नं भागा, शून्य सोडून चारच बाक्या येतील, १, १२, १७ आणि २८. यातल्या कुठल्याही दोन घेऊन बेरीज करा, तीच पुन्हा घेतली तरी चालेल, बेरजेला २९ नं भागा, आणि बघा बाकी या चारांपैकी एखादी येते का.