नदीचे माहेर

श्रोतेहो, नमस्कार.

खानदेशात उन्हाळ्यातली नदी म्हणजे वाळू. पांझरेच्या पात्रात माझ्या लहानपणी चैत्र-वैशाखात झिरा उकरला, की हातभर खोलीवर ओल लागत असे. बाया त्यात वाटी बुडवून सावकाश कळशी भरत, आणि निघताना पाणी निवळ राहावे म्हणून झिऱ्याच्या तोंडावर करंजाची फांदी झाकून जात. आज त्या जागी पुरुषभर खोल खड्डे आहेत, वाळू ट्रॅक्टरमधून केव्हाच निघून गेली आहे, आणि उघड्या पडलेल्या खडकाच्या फटींतून वेडी बाभूळ वर आली आहे. वाळू ही नदीची कोठी असते. पुराचे पाणी पोटात धरायचे आणि उन्हाळ्यापर्यंत पुरवून पुरवून सोडायचे, हे तिचे काम. कोठीच विकून खाल्ल्यावर धान्य कुठे गेले म्हणून विचारण्यात अर्थ नसतो.

तरीही मला आज पात्राविषयी फार बोलायचे नाही. नदीचे दुखणे पात्रात दिसते, पण ते सुरू होते वर, तिच्या माहेरी, म्हणजे ज्या डोंगरउतारावरून तिला पाणी येते तिथे. आणि त्यावरचा उपाय यंत्राच्या दातांपेक्षा गावाने स्वतःवर घालून घेतलेल्या नियमावर अधिक अवलंबून असतो, असे पाणी अडवण्या-मुरवण्याच्या कामात घालवलेल्या काही वर्षांनंतर माझे मत झाले आहे.

आपला सगळा मुलूख तापीचा. मध्य प्रदेशात मुलताई येथे उगम पावणारी ही नदी सुमारे ७२४ किलोमीटर वाहत जाऊन सुरतेपलीकडे समुद्राला मिळते. दक्षिणेकडून वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई तिला येऊन मिळतात, तर उत्तरेकडून सातपुड्यातून सुकी, मोर, अनेर, अरुणावती, गोमाई उतरतात. या दोन बाजूंची जमीन मात्र सारखी नाही, आणि ही गोष्ट लक्षात न घेता केलेले काम बहुधा वाया जाते. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोटे आणि जाड्याभरड्या वाळूचा एक लांबच लांब पट्टा आहे. भूशास्त्रात त्याला बझाडा म्हणतात. डोंगरातून आलेले पाणी या पट्ट्यात झपाट्याने मुरते, आणि यावल-रावेरच्या केळीबागांना पाजणाऱ्या विहिरी व कूपनलिका मुख्यतः अशा मुरलेल्या पाण्यावरच चालत आल्या आहेत. दक्षिणेला धुळे-साक्रीकडे मात्र काळा बेसॉल्ट खडक आहे, आणि त्याला छेदून जाणाऱ्या कठीण दगडाच्या उभ्या भिंती मैलोगणती पसरलेल्या आहेत. अशी भिंत जमिनीखाली कधी पाणी अडवते, तर कधी तिच्याच भेगांतून पाणी पुढे निघून जाते. म्हणूनच एका गावात यशस्वी झालेला बंधारा शेजारच्या गावात तसाच बांधला, तर तो कोरडा राहू शकतो.

साक्री तालुक्यात बारीपाडा नावाचा कोकणा आदिवासींचा पाडा आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तेथील लोकांनी, चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने, उजाड होत चाललेले आपले जंगल राखायचे ठरवले. कुऱ्हाडबंदी केली, गुरे कुठे चारायची आणि कुठे नाही हे ठरवले, नियम मोडणाऱ्याला दंड ठेवला आणि राखण वाटून घेतली. आज ते राखलेले जंगल ४०० हेक्टरांहून अधिक आहे; २०२५ साली चैत्राम पवार यांना पद्मश्री जाहीर झाली, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. पुरस्काराचे कौतुक आहेच, पण मला तिथला क्रम अधिक महत्त्वाचा वाटतो: आधी जंगल वाचले आणि मग विहिरींना पाणी आले. पालापाचोळ्याने झाकलेल्या उतारावर पावसाचा थेंब आपटत नाही, तो झिरपतो. उघड्या उतारावर तोच थेंब माती घेऊन धावतो आणि खालच्या धरणात गाळ होऊन बसतो. तिथे दरवर्षी भरणारी वनभाज्यांची स्पर्धा पाहायला शहरातून माणसे जातात, आणि बायकांनी मांडलेल्या त्या भाज्यांची नावे ऐकूनच आपले अज्ञान कळते.

उतारावरच्या कामाला मोठे यंत्र लागत नाही. दोन सारख्या लांबीच्या काठ्या वरच्या टोकाला एकत्र बांधायच्या, मध्ये एक आडवी काठी लावायची, आणि शेंड्यापासून सुतळीला दगड बांधून ओळंबा सोडायचा. ओळंब्याची दोरी आडव्या काठीवरच्या मध्यखुणेवर आली, की दोन्ही पाय एका पातळीत आहेत असे समजावे. या साध्या साधनाला ए-फ्रेम म्हणतात. एक पाय जागेवर ठेवून दुसरा फिरवत, खुणेचे दगड मांडत गेले, की डोंगराच्या अंगावर समतल रेषा उमटते, आणि त्या रेषेवर चर खणला तर त्यात पाणी पळत नाही, उभे राहते. चौथीपर्यंत शिकलेल्या एका बाईने अर्ध्या दिवसात ही रेषा इतकी अचूक आखलेली मी पाहिली आहे, की दुर्बीण घेऊन आलेल्या तंत्रज्ञाने ती तपासली आणि न बोलता दुर्बीण पेटीत ठेवली.

यंत्राला माझा सरसकट विरोध नाही. शिरपूर तालुक्यात २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद व खोल करून त्यांवर बिनदाराच्या बंधाऱ्यांची साखळी उभारण्यात आली. तापीकाठच्या गाळाच्या प्रदेशात पाणी मुरू न देणारे चिकणमातीचे थर आहेत. ते भेदल्याशिवाय खालच्या वाळूला पाणी मिळत नाही, आणि तिथे खोली हवीच. घोटाळा झाला तो पुढे, जिथे हे थर नाहीत तिथेही फक्त खोलीच उचलली गेली तेव्हा. एका गावात, नाव घेत नाही, नाला वीस फूट खोल केला गेला. दोन्ही तीरांवरच्या उथळ विहिरींचे पाणी पाझरून नाल्यात उतरले, पुढच्या पावसाळ्यात उभे काठ ढासळले, आणि पोळ्याला गुरे धुवायला पाण्यात उतरायची वाटच राहिली नाही.

आमचीही एक चूक सांगतो. काठ सावरण्यासाठी आम्ही ऐन पूररेषेत जांभूळ आणि अर्जुन यांची रोपे लावली, आळी केली, काटेरी कुंपण घातले. पहिल्या मोठ्या पुराने रोपे, आळी आणि कुंपण सगळेच नेले. तेव्हा एका म्हाताऱ्या भोईबाबांनी विचारले, "पाण्याच्या तोंडी कधी झाड उभं राहतं का?" पाण्याजवळ लव्हाळा, त्याच्या वर पुरात वाकणारी पण न तुटणारी शेरणी, मग निरगुडी आणि करंज, आणि सर्वांत वर उंबर-जांभूळ, असा नदीचा स्वतःचा क्रम असतो. पुढच्या वर्षी आम्ही त्यांच्या सांगण्याप्रमाणे खालून वर गेलो.

पाणी आल्यावर मात्र खरी परीक्षा सुरू होते, कारण विहिरीला दोन पुरुष पाणी वाढले, की लोक लगेच ऊस लावतात. या बाबतीत आपल्याच पांझरेची फड पद्धत आठवावी. सुमारे तीनशे-चारशे वर्षांपूर्वीपासून पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांवर बंधारे घालून, कालवे आणि चाऱ्या काढून गावे पाणी वाटून घेत आली. बागायतीचे साधारण चार फड पाडत, एका फडात एकच पीक घेत, आणि कोणता फड भिजवायचा व कोणता पडीक ठेवायचा हे दरवर्षी गाव ठरवत असे. पाणी देणारा पाटकरी, राखणारा जागल्या आणि देखरेख करणारा हवालदार, ही गावाने नेमलेली माणसे असत. शेतकऱ्याची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली असल्यामुळे टंचाईची झळ एकट्यादुकट्याला न बसता सगळ्यांना थोडीथोडी बसे.

आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते आहे. लेकी माहेरी येतील, झाडांना झोके बांधले जातील, आणि त्याच दिवशी सालदाराचा वर्षाचा हिशोब होईल. त्या दिवशी सकाळी गावातल्या पाच-सहा विहिरींत सुतळीला दगड बांधून सोडा, पाणी किती हातांवर लागले ते पाहा, आणि विहिरीच्या मालकाच्या नावासह ते आकडे चावडीच्या भिंतीवर खडूने नव्हे, ऑइल पेंटने लिहा. शेजारी दिवाळीनंतरच्या मोजणीसाठी एक रकाना मोकळा ठेवा. रब्बीला गहू किती आणि हरभरा किती, याची बैठक त्याच भिंतीसमोर भरवा.