साठाव्या स्क्वाड्रनची सरहद्द

1 एप्रिल 1920 रोजी वायव्य सरहद्दीवर, आज पाकिस्तानात असलेल्या नौशेराजवळच्या रिसालपूर तळावर ब्रिटिश हवाई दलाच्या 97 क्रमांकाच्या स्क्वाड्रनला 60 हा क्रमांक देण्यात आला. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आकाशात नाव कमावलेली या क्रमांकाची मूळ स्क्वाड्रन त्याआधी काही आठवड्यांपूर्वीच विसर्जित झाली होती. मात्र ती लढाऊ विमानांची होती आणि रिसालपूरला उभी होती डीएच-10 जातीची, दोन इंजिनांची बाँबफेकी विमाने.

हिंदुस्थानातील हवाई दलाचा खर्च तेव्हा लष्कराच्या अंदाजपत्रकातून निघत असे आणि काटकसरीची कुऱ्हाड प्रथम सुट्या भागांवर पडे. 1922 मध्ये हवाई दलाचे वरिष्ठ अधिकारी जॉन सॅमंड पाहणीसाठी आले, तेव्हा कागदावरच्या 70 विमानांपैकी उड्डाणयोग्य अशी अवघी 7 निघाली. त्यानंतर पैसा आला, सुटे भाग आले आणि 1923 मध्ये 60 क्रमांकाच्या स्क्वाड्रनला एका इंजिनाची डीएच-9ए विमाने मिळाली. डोंगरात कुठेही उतरण्याची वेळ येईल या हिशेबाने जादा चाक विमानाच्या अंगालाच बांधलेले असे, आणि वैमानिकाच्या खिशात स्थानिक भाषेतील एक चिठ्ठी असे: या माणसाला सुखरूप परत आणणाऱ्यास सरकार बक्षीस देईल.

या स्क्वाड्रनच्या कामाचा खरा नमुना दिसतो तो अफगाण सीमेलगतच्या दक्षिण वझिरिस्तानात. 9 मार्च ते 1 मे 1925 या काळात विंग कमांडर रिचर्ड पिंक यांच्या हाताखाली 27 आणि 60 क्रमांकांच्या स्क्वाड्रननी मीरानशाहहून, तर 5 क्रमांकाच्या स्क्वाड्रनने टांकहून तिथल्या मेहसूद या पठाण टोळ्यांवर मोहीम चालवली. पायदळाची जोड नसलेली ही मोहीम ‘पिंकचे युद्ध’ म्हणूनच ओळखली जाते. आधी इशाऱ्याची पत्रके टाकली जात आणि मग बाँब. माणसे गुहांत आसरा घेत. पण गुरे चारणे, शेत कसणे आणि रात्री घरी निजणे अशक्य करणे हाच मुळी या हल्ल्यांचा हेतू होता, आणि त्याला युद्धापेक्षा नाकेबंदी म्हणणे अधिक रास्त ठरेल. अखेर टोळ्यांनी तह केला. ब्रिटिशांच्या बाजूने एक विमान आणि त्यातील 2 वैमानिक गेले. या मोहिमेच्या पदकपट्ट्या इतक्या थोड्या वाटल्या गेल्या की आज संग्राहक त्यांच्या मागे असतात. मेहसूदांची किती माणसे गेली, याची तशी नेमकी मोजदाद मात्र सापडत नाही.

1928 च्या अखेरीस अफगाणिस्तानात राजे अमानुल्लांविरुद्ध बंड पेटले आणि काबूलमध्ये अडकलेल्यांना बर्फाच्छादित डोंगरांवरून हलवावे लागले. 586 माणसांच्या या सुटकेत मुख्य भार इराकहून आलेल्या व्हिक्टोरिया या वाहतूक विमानांनी उचलला, आणि सरहद्दीवरची डीएच-9ए विमाने बाँबऐवजी प्रवाशांचे सामान वाहू लागली.

1930 मध्ये वापिटी विमाने आली. काटकसर इथेही होतीच, कारण डीएच-9एचे भाग शक्य तितके वापरता यावेत, अशीच वापिटीची रचना मागवली होती. ती तब्बल 9 वर्षे पुरली. 1939 मध्ये अंबाल्याला ब्लेनहाइम विमाने दाखल झाली, आणि डीएच-10 निवृत्त झाल्यानंतर 16 वर्षांनी या स्क्वाड्रनला पुन्हा दोन इंजिनांची विमाने मिळाली.