आधी मागची चाकं

मंडळी, अंबड-सातपूरला गॅरेज चालवणारे बरेच जण समोर दिसतायत, त्यामुळे अलाइनमेंटचे शब्द एका ओळीत उरकतो: टो म्हणजे वरून बघता चाकाचं तोंड आत-बाहेर वळणं, कँबर म्हणजे समोरून बघता चाक आत-बाहेर कलणं. गिऱ्हाईक म्हणतं, स्टिअरिंग वाकडं राहतंय. आपण पुढचे टाय रॉड, म्हणजे चाकं वळवणारे दांडे, फिरवून ते सरळ करून देतो. मागची चाकं कुणी बघितली?

गाडीने सरळ कुठे जायचं, ते मागची चाकं ठरवतात. समजा रिम १४ इंची आहे. मागच्या डाव्या चाकाची पुढची कड मागच्या कडेपेक्षा २ मिमी आत आहे, उजव्याची २ मिमी बाहेर. दोन्हींचा एकत्र टो शून्य, म्हणजे बेरीज बघणारा खूश. पण दोन्ही चाकांची तोंडं उजवीकडे! एवढ्या रिमवर २ मिमी म्हणजे साधारण २० मिनिटं, अंशाचा तिसरा हिस्सा. मग सरळ जायला पुढची चाकंही तेवढीच उजवीकडे धरावी लागतात. स्टिअरिंगचं गुणोत्तर १५ धरा, म्हणजे चाक एक अंश वळायला स्टिअरिंग १५ अंश; ड्रायव्हरच्या हातात ५ अंशांचा वाकडेपणा आला. गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते आणि टायरही लगेच झिजत नाहीत, म्हणून दोष लपून राहतो. तेव्हा अलाइनमेंट मशीनच्या प्रिंटमध्ये प्रत्येक चाकाचा टो वेगवेगळा वाचा.

मशीन नसेल तर गवंड्याची लाइनदोरी चालते. हवा बरोबर भरा, सपाट जागा बघा, स्टिअरिंग सरळ धरा. दोन्ही बाजूंना हबच्या, म्हणजे चाकाच्या मध्याच्या, उंचीवर घोड्यांना (स्टँडना) दोरी बांधा. मागच्या दोन्ही हबपासून दोरीचं अंतर सारखं हवं, पुढच्या दोन्हींपासूनही सारखं. मात्र पुढचं आणि मागचं अंतर एकच येईल असं समजू नका, पुढच्या आणि मागच्या ट्रॅकची रुंदी, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, बहुधा वेगळी असते. इथेच लोक फसतात. मग रिमची पुढची आणि मागची कड दोरीपासून मोजा. पुढची कड जास्त लांब असेल तर टो-इन, म्हणजे चाकाचं तोंड आत.

आता दुरुस्ती. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागे ट्विस्ट बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा आडवा बीम, असतो. त्यात कंपनीने फिरवायला काही ठेवलेलं नसतं. तिथे बीमचे रबरी बुश, बेअरिंग, खड्ड्यात आपटून वाकलेला स्टब एक्सल (चाक बसतं तो छोटा दांडा) तपासा. सगळं ठीक असून थोडा फरक उरला तर पाचरीसारखी शिम मिळते. बीम गॅसवर तापवून सरळ करतो म्हणणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नका, कितीही ओळखीचा असो. बोलेरोसारख्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीत पाट्या आणि एक्सल जागेवर धरणारा सेंटर बोल्ट बघा. तो तुटला की एक्सल एका बाजूने सरकतो.

मागे प्रत्येक चाकाचं स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर बहुधा कॅम बोल्ट, म्हणजे फिरवून कोन बदलायचे बोल्ट, मिळतात. आधी कँबर, नंतर टो, कारण कँबर हलवला की टो बिघडतो. पुढच्या चाकांना त्यानंतरच हात लावायचा. बुशमधून जाणारे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी असताना आवळा. जॅकवर आवळलेला बुश गाडी खाली येताच पिळला जातो आणि लवकर फाटतो. जॅक काढल्यावर गाडी दोन-तीन मीटर मागेपुढे ढकला, चाकं बसू द्या, मगच पुन्हा मोजा.