परातीत सुटलेलं पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्यात भरदुपारी बर्डीवर जाण्याची कुणाची छाती नाही, म्हणून परवा घरीच लोणच्याचा घाट घातला. कैरीच्या फोडी पुसून मीठ चोळलं आणि परात झाकून ठेवली. तासाभराने पाहते तो तळाशी पाणी! मीठ कोरडं, परातही कोरडी. मग हे पाणी आलं कुठून?

फोडींतूनच. कैरीच्या प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पटल असतं. ते पाण्याला वाट देतं, मिठाला सहजी देत नाही. बाहेर मीठ दाट झालं, की आतलं पाणी त्या दाट बाजूकडे निघतं. मनुका साध्या पाण्यात भिजवल्या की फुगतात, तो याच्या उलटा प्रवास. शाळेत आपण याला परासरण म्हणायचो आणि पाच मार्कांपुरतं पाठ करायचो.

आता परातीतून पोटात शिरू. रक्तात मिठातलं सोडियम लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल, पेशीच्या आत मात्र १०-१५ च्या आसपास. इतका फरक आपोआप टिकत नाही. पटलातला एक पंप रात्रंदिवस तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो. तो शोधला डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी, १९५७ साली. नोबेल मिळालं १९९७ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी!

एवढा खटाटोप कशाला? आपल्या तोतलाडोहचं धरण आठवा. उंचावर अडवलेलं पाणी खाली येताना वीज देऊन जातं. अडवलेला सोडियमही तसाच, पेशीत उतरताना काम करून जातो. तिथलं धरण पाऊस भरतो, इथलं मात्र पंपाला भरावं लागतं. आतड्याच्या पटलात एक वाहक प्रथिन आहे. ते दोन सोडियम आत घेताना एक ग्लुकोज सोबत ओढून आणतं. ही जोडी जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग इथे मांडली. दोघं आत गेले की त्यांच्यामागे पाणी जातं.

गंमत पुढेच आहे. कॉलऱ्यात आतड्यातून पाणी धो-धो वाहतं, तरी हे वाहक प्रथिन शाबूत असतं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी तोंडाने पाजायला लावलं. रुग्णांच्या नातेवाइकांनीच ते पाजलं, आणि मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आलं.

म्हणून जुलाबात नुसतं साखरेचं पाणी पुरत नाही. साखरेला सोबत मीठ लागतं. आणि लेकराला गोड लागावं म्हणून आमची आत्या करायची तशी मूठभर साखर तर मुळीच घालायची नाही. पोटात साखर दाट झाली, की ती शरीरातलंच पाणी आतड्यात खेचते. परातीसारखं.

ओआरएसच्या, म्हणजे याच मीठ-ग्लुकोजच्या तयार पुडीच्या पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल, तर ते एक लिटरमध्येच विरघळवा, अर्ध्या पेल्यात नाही. पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्याने सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. घोटघोट पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग पुन्हा चमच्याचमच्याने सुरू करा. लेकरू मलूल पडलं किंवा डोळे खोल गेले, तर मात्र ऊन न पाहता दवाखाना गाठा.