खोक्यावरचे लुमेन आणि पाचटातली घोणस

मंडळी, पत्रिकेवर माझा विषय छापलाय 'टॉर्चमधला एलईडी', त्यावर बोलणारच आहे, पण आधी काकांच्या बॅटरीची गोष्ट सांगतो. आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात.

रात्रीची थ्री फेज लाईट आली की उसाला दारं धरायला रात्रीच जावं लागतं, इथल्या निम्म्या लोकांना हे सांगायला नको. काका साडेबाराला निघायचे, एका हातात खोरं, दुसऱ्या हातात बॅटरी. जुनी फार मिणमिणती झाली म्हणून मी बाजारातून नवी आणली, खोक्यावर १०,००० लुमेन (लुमेन म्हणजे उजेडाचं माप), आत १८६५० मापाचा चार्जिंगचा एकच सेल. पहिल्या रात्री पार पलीकडच्या बांधावरची बाभळ उजळली, काका खूश. दहा मिनिटांत बॅटरी इतकी तापली की पंचात गुंडाळून धरावी लागली आणि उजेडही उतरला. तेही चालवून घेतलं. चौथ्या रात्री मात्र खोडव्यात पाचटावर पाय टाकणार तेवढ्यात कुकरच्या शिट्टीसारखा आवाज आला. घोणस! हातभर अंतरावर, उजेडात. काका कानामुळे वाचले, डोळ्यांना दिसलीच नव्हती. घरी येऊन एवढंच म्हणाले, "उजेड मोप हुता रं, पन ती पाचटावानीच दिसली."

त्या एका वाक्यापायी मी गेली कित्येक वर्षं टॉर्च उघडून बघतोय.

दुकानदाराकडे गेलो तर म्हणाला, खोक्यावर लिहिलंय ना? अहो, लिहिलंय, पण हिशोब करा की. चांगला एलईडी जोरात चालवला तर वॅटला साधारण १०० लुमेन देतो, म्हणजे १०,००० ला १०० वॅट पाहिजेत. सेल ३.६ व्होल्टचा, म्हणजे जवळजवळ २८ अँपिअर. बरं, ३,००० एमएएचच्या सेलमध्ये वीज असते ११ वॅट-तासाच्या आसपास, तेवढा करंट दिला असं धरलं तरी सात मिनिटांत खेळ खलास. हा आकडा छापणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे, कारण तो वाचून लोक रात्रीचे रानात जातात.

पाचच मिनिटं राहिलीत म्हणतात, म्हणजे मुख्य विषय आता पळतच सांगतो.

हा बघा, काच आणि रिफ्लेक्टर काढलाय. ५ मिलिमीटरच्या चौकटीत मधे पिवळा ठिपका दिसतो ना, तो क्री कंपनीचा एक्सएम-एल एलईडी. मुळात हा एलईडी निळा असतो. तेजस्वी निळा एलईडी १९९३ मध्ये निचिया कंपनीत नाकामुरांनी केला, २०१४ चं नोबेल त्यांना, अकासाकींना आणि अमानोंना मिळालं ते निळ्या एलईडीसाठीच. त्यावर पिवळा फॉस्फर, म्हणजे निळा उजेड पिऊन पिवळा देणारी पूड, चढवायचा, थोडा निळा तसाच बाहेर येतो, बाकीच्याचा पिवळा होतो, दोन्ही मिळून आपल्याला पांढरा दिसतो.

करंट वाढवला की कार्यक्षमता घसरते. हाच एक्सएम-एल ३५० मिलिअँपिअरला वॅटमागे १६० लुमेनपर्यंत देतो आणि ३ अँपिअरला १०० च्या आसपास, उरलेली वीज उष्णता होऊन मागे अंगात उतरते, काकांचा पंचा त्यासाठीच लागला. म्हणून मीडियम मोडवर चालवा, सेल कितीतरी जास्त पुरतो आणि डोळ्याला फरक फारसा कळतही नाही.

आता माझा खरा मुद्दा. लुमेन मोजतात आपल्या डोळ्याच्या मापानं, आणि डोळा ५५५ नॅनोमीटरच्या पोपटी उजेडाला सगळ्यात जास्त मार्क देतो, गडद लालला जवळजवळ शून्य. म्हणून वॅटमागे लुमेन वाढवायचे तर कंपनी लाल कमी ठेवते. पाचट तपकिरी, घोणस तपकिरी, दोन्हींतला फरक बराचसा त्या लालमध्येच असतो, आणि आपण नेमका तोच विकून लुमेन घेतो! रंग किती खरे दिसतात त्याचं शंभरपैकी माप म्हणजे सीआरआय; निचिया २१९बीचा ९२ सीआरआयवाला किंवा ल्युमिनस एसएसटी-२० चा ९५ सीआरआयवाला घ्या, लुमेन कमी पडतील, रंग खरे दिसतील. गमबूट आणि काठी तरीही पाहिजेच.

टेबलावर पाचट आणलंय, त्यात तपकिरी दोरीचा एक तुकडा टाकलाय. जरा हॉलचे लाईट घालवा. आधी बाजारातली मारतो, मग ही जास्त सीआरआयवाली. मागच्यांनी पुढं या, तिथून दिसणार नाही.