झाडाची जखम भरून येत नाही

बोट कापलं की आठ-दहा दिवसांत तिथे नवी कातडी येते. खराब झालेल्या पेशी जातात आणि त्याच जागी नव्या येतात. झाडाला ही सोय नाही. खोडाला एकदा झालेली जखम झाड उभं असेपर्यंत आत तशीच राहते. वरून साल मिटते आणि आपल्याला वाटतं, भरली. ती भरलेली नसते, झाकलेली असते. घराभोवतीच्या जुन्या झाडांचं जे नुकसान मी पाहिलं, ते बहुतेक सगळं ही एक गोष्ट माहीत नसल्यामुळे झालेलं आहे. तेही बऱ्याचदा झाडावरच्या प्रेमापोटी.

अमेरिकेच्या वनखात्यातले संशोधक अ‍ॅलेक्स शायगो यांनी यांत्रिक करवतीने हजारो झाडं उभी चिरून आत पाहिलं. १९७७ साली त्यांनी मांडणी केली की झाड कुजलेल्या भागाभोवती भिंती उभारतं. या भिंती चार. वर-खाली पसरणारी कूज अडवणारी भिंत सगळ्यांत कच्ची, म्हणून कूज खोडात उभी धावते. गाभ्याकडे जाणारी कूज अडवणारी दुसरी आणि ती बाजूंना पसरू न देणारी तिसरी. चौथी सगळ्यांत पक्की. जखमेनंतर तयार होणाऱ्या नव्या लाकडाच्या आणि जुन्या लाकडाच्या मध्ये ती उभी राहते. त्यामुळे जुन्या झाडाच्या ढोलीत हात घातलात, तर पोकळीचा घेर बहुतेक वेळा जखम झाली तेव्हाच्या खोडाएवढा असतो. बाहेरचं लाकूड नंतरचं, आणि ते शाबूत असतं.

म्हणून ढोली दिसली की लगेच झाड पाडायला निघू नका. झाडं कशी मोडतात याचा अभ्यास करणारे जर्मनीतले क्लाउस मॅथेक यांचा ठोकताळा असा, की निरोगी लाकडाची भिंत खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश असली, तर केवळ पोकळीमुळे झाड सहसा मोडत नाही. पोकळी एका बाजूला उघडी असेल, झाड कललं असेल, मुळांशी बुरशीची छत्री उगवली असेल, तर हिशेब बदलतो. तो हिशेब अनुभवी माणसानेच करावा. खोडावर लाकडी हातोडी ठोकून आवाज ऐकणं ही पहिली पायरी, गरज पडली तर यंत्रं आहेत. ढोलीत सिमेंट मात्र भरू नका. वाऱ्यात झाड हलतं, सिमेंट हलत नाही, आणि घर्षणाने आतली भिंत खरवडून निघते.

आता छाटणी. फांदी खोडाला मिळते तिथे थोडा फुगवटा असतो. कूज अडवण्याची झाडाची तयारी तिथेच असते. फांदी त्या फुगवट्याच्या बाहेर कापायची, फुगवटा जाऊ द्यायचा नाही आणि लांब खुंटही ठेवायचा नाही. जाड फांदी तीन घावांत उतरवतात: थोड्या अंतरावर आधी खालून, मग जरा पुढे वरून, म्हणजे फांदी तुटताना साल खोडापर्यंत फाटत जात नाही. तिसरा घाव फुगवट्यालगत. खोडाशी सपाट, गुळगुळीत कापलेली जागा सुबक दिसते, पण जखम नको तेवढी मोठी होते. मी शिकाऊ असताना अशाच सपाट जखमांना डांबर फासत होतो. काही वर्षांनी त्यातली एक जखम उघडली, तर डांबराखाली ओल धरून लाकूड भुसभुशीत झालेलं होतं. आजही आठवलं की वाईट वाटतं. जखम उघडीच ठेवायची.

शेंडा उडवणं हा प्रकार तर मी कधीच करत नाही. झाड फार वाढलं, वादळात पडेल, या भीतीने वरचा भाग सरसकट कापतात. पानं गेली की अन्न गेलं. झाड साठवलेलं पिष्ट खर्चून घाईने धुमारे काढतं. ते धुमारे फक्त बाहेरच्या थरात रुजलेले असतात, पाच-सात वर्षांत जड होतात आणि नेमके तेच मोडतात. म्हणजे जी भीती होती, ती आपणच तयार करतो. जुन्या झाडाची एका वेळी पाव भागाहून कमीच पालवी काढावी, म्हातारं झाड असेल तर त्याहूनही कमी.

पण घराशेजारची झाडं जास्त मरतात ती करवतीने नाही, पायाखाली. बहुतेक मुळं वरच्या अर्ध्या-पाऊण मीटर मातीत असतात आणि पानांच्या घेराच्या पुष्कळ बाहेर जातात. तिथे गाडी उभी केली, चर खणला, फरशी घातली, मातीची भर टाकली, की मुळांना हवा मिळत नाही. झाड लगेच तक्रार करत नाही. तीन-चार वर्षांनी शेंड्याकडची डहाळी सुकते, तोवर बांधकाम कुणाच्या लक्षातही नसतं. सोपा हिशेब ठेवा: छातीच्या उंचीवर खोड जेवढं जाड, त्याच्या बारा पट अंतर चहूबाजूंनी मोकळं. ६० सेंटिमीटरचं खोड म्हणजे ७.२ मीटर. कुंपण बांधकामाआधी घाला, नंतर नाही.

कुणाला बोलवायचं, हे तुम्ही विचारणारच. जो आधी खाली बसून बुंधा बघतो, त्याला. जिवंत झाडावर खिळ्यांचे बूट घालून चढतो, त्याला परत पाठवा, कारण प्रत्येक खिळा ही एक जखम आहे. काय कापणार हे विचारा, आणि काय कापणार नाही, का कापणार नाही, हेही विचारा.

आज घरी गेल्यावर खोड मातीत शिरतं ती जागा बघा. तिथे ते खाली पसरत गेलेलं दिसलं पाहिजे. खांबासारखं सरळ मातीत गेलं असेल, तर बुंधा गाडला गेला आहे. कुदळ घेऊ नका. हाताने, बोटांनी माती बाजूला करत जा, रुंद होत जाणारा बुंधा दिसेपर्यंत. मग भोवती पाच-सात सेंटिमीटर पाचोळा पसरा, पण खोडाला टेकू देऊ नका.